वरचा अर्धा कागद

आमच्या गावात पाणी गोड आहे की खारं, हे डाळीवरून ठरत असे. अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या खारपाणपट्ट्यातलं ते तालुक्याचं गाव. विहिरी पुष्कळ होत्या, त्यांना पाणीही होतं, पण ते तोंडात धरवत नसे. साबणाला फेस येत नसे. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तरी दुपारी दाणा दाणा वेगळाच राही. गोड पाण्याच्या विहिरी दोनच होत्या, एक देवळामागे आणि एक बाजारात. दोन्ही नाल्याच्या अलीकडे.

नाल्यापलीकडे एक वस्ती होती. तिथल्या लोकांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. अलीकडच्या लोकांच्या तोंडी वस्तीचं जुनंच नाव टिकून होतं. गोड विहिरींवर त्यांना मनाई नव्हती. मनाई करणं हाच आता गुन्हा होता. तरीही वस्तीतलं कोणी तिथे पाणी भरायला येत नसे, आणि येत नाही याचा उल्लेखही कोणी करत नसे.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना गावाला नळयोजना मंजूर झाली. नवं राज्य होऊन थोडाच काळ लोटला होता. टाकी बांधून तयार होती, दूरच्या नदीवरून गोडं पाणी येणार होतं. पहिल्या टप्प्यात चार सार्वजनिक नळ बसायचे होते. ते कुठे बसवायचे, हे नगरपालिकेनं ठरवायचं होतं.

त्याच सुमारास नगरपालिकेत नवे मुख्याधिकारी आले. पुण्याकडचे, तिशीच्या आतले. एक दिवस ते शाळेत आले आणि वरच्या वर्गांना त्यांनी विचारलं, तुमच्या घरी पाणी कोण आणतं? बरेच हात वर झाले. मग ते हेडमास्तरांना म्हणाले, जे पाणी आणतात त्यांना विचारल्याशिवाय नळाची जागा ठरवणं बरोबर नाही. हेडमास्तरांनी सात नावं दिली. सहा मुलगे आणि एक मुलगी. माझं अक्षर बरं होतं म्हणून मला चिटणीस केलं. नगरपालिकेनं ठराव करून समितीला मान्यता दिली: नळांच्या जागांबाबत या समितीची शिफारस विचारात घेतली जाईल.

गावात तिचं नाव पडलं 'पोट्ट्याइची कमेटी'. स्टँडजवळच्या हॉटेलात एक जण म्हणाला ते मी स्वतः ऐकलं. "मिशी फुटली नाई अन् मेंबर होऊन राहिले बाप्पा." आम्हांला त्याचा रागही आला आणि छातीही फुगली.

समितीतली मुलगी नाल्यापलीकडची होती. त्या वस्तीतून मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचलेली ती एकटीच. वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसे. आम्ही मुलं मुलींशी 'तुम्ही' म्हणून बोलत असू, तेही कामापुरतं. तिच्याशी तोवर कामही पडलं नव्हतं. तिचं नाव मुख्याधिकाऱ्यांच्या आग्रहानं घातलं गेलं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या बैठकीत गरज मोजायची कशी, यावर आमचा खल चालला होता. कोणी म्हणालं घरं मोजू, कोणी म्हणालं विहिरीपर्यंतचं अंतर मोजू. मी म्हणालो, घरोघर जाऊन पाणी कसं आहे ते विचारू आणि लिहून घेऊ. मग ती मुलगी बोलली.

"पानी कसं हाय म्हनून इचारलं तं सारेच खारं सांगतीन," ती म्हणाली. "नळ कोनाले नको? सैपाकाच्या टायमाले जा, अन् डाळ शिजते काय ते पाहा. डाळ तं चुलीवर दिसते."

तसंच ठरलं. रविवारी सकाळी नऊच्या पुढे आम्ही दोघं-तिघं मिळून घरोघर जाऊ लागलो. मी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले: घर, पाणी कुठून, डाळ. बायका हसत. एकीनं विचारलं, जेवायलाच बसता का, ताट वाढते. पण झाकण काढून दाखवत. नाल्याच्या अलीकडे बहुतेक घरांत डाळ शिजलेली होती. वापरायला खारं आणि स्वयंपाकाला गोड विहिरीचं, अशी पाण्याची वाटणी होती. पलीकडे एकाही घरात ती नुसत्या पाण्यात शिजत नव्हती. पापडखार टाकून कशीबशी मऊ करत. पिण्याचं पाणी दीड कोसावरच्या एका शेतातल्या विहिरीवरून आणत. शेतमालकानं दिवस वर येईपर्यंत भरायची मुभा दिली होती. त्याची मोट सुरू झाली की बंद.

वस्तीतलं पाचवं घर तिचंच होतं. तिची आई आत पडून होती. आदल्या पावसाळ्यात डोक्यावर घडा घेऊन नाला ओलांडताना ती पडली होती. तेव्हापासून तिला वजन उचलवत नव्हतं. शेतातल्या विहिरीच्या दोन खेपा मुलगी करत असे. त्यामुळे ती शाळेत प्रार्थना संपल्यावर पोचे, आणि पहिला तास, तो गणिताचा, तिचा रोज बुडे. मास्तर तिला उशिराबद्दल बाहेर उभं करत. कारण आम्हांला त्या दिवशी कळलं.

तिचे वडील कापसाच्या जिनात कामाला होते. केसांत, भुवयांत कापसाची धूळ. त्यांनी आम्हांला बसायला पोतं घातलं आणि सरळ सांगितलं. "नळ आला तं हे म्याट्रिकले बसन. नाई आला तं घराले पानी कोन पाजीन? दिवाळीपर्यंत पाह्यतो मी." मुलगी दाराशी उभी होती. वहीत तिच्या घरासमोर तिसऱ्या रकान्यात 'नाही' असं मी लिहिलं, आणि आम्ही सहाव्या घरी गेलो.

महिन्याभरात काम संपलं. सातही जणांचं मत एकच पडलं: चारांपैकी पहिला नळ नाल्यापलीकडे, वस्तीच्या मधल्या लिंबाजवळ. मी अहवाल सुवाच्य अक्षरात लिहून काढला आणि नगरपालिकेत हेडक्लार्कच्या हाती दिला. त्यांनी तो टेबलावरच्या काचेच्या गोळ्याखाली ठेवला. पोच मागायची असते हे मला माहीत नव्हतं.

नगरपालिकेची बैठक दसऱ्यानंतर ठरली. त्याआधीच मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. ते आम्हांला न भेटताच गेले.

बैठकीला आम्हांला बोलावणं आलं. सभागृहात मेंबरांच्या खुर्च्यांसमोर आमच्यासाठी दोन बाकं मांडली होती. चिवडा आणि चहा आला. सुरुवातीलाच हेडक्लार्कनी एक फुलस्केप कागद आमच्यापुढे ठेवला. खालच्या भागात सात आकडे टाकले होते, एकाखाली एक.

"सह्या करून घ्या आधी," ते म्हणाले. "मजकूर मी मांगून चढवतो. चहा थंडा होऊन राहिला."

हे त्यांनी आमच्यासाठी वेगळं काही काढलं नव्हतं. त्या कचेरीत कामकाज असंच चाले. मेंबर येत, सही करत, चहा घेत आणि आपापल्या कामाला जात. ठराव नंतर सवडीनं सह्यांच्या वर लिहिला जाई. वर्षानुवर्षं कोणाची तक्रार नव्हती, कारण काय लिहायचं ते बहुधा आधीच ठरलेलं असे. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. माझे वडील वकील होते, नगरपालिकेची कामं तेच पाहत. आमच्या ओसरीवर पक्षकार कोऱ्या वकीलपत्रावर सही नाहीतर अंगठा करून जात, आणि वडील किंवा त्यांचे कारकून नंतर ते भरत. सही आधी, मजकूर नंतर, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. विश्वास म्हणजे तेच, अशी माझी समजूत होती.

मी सही केली. पाठोपाठ पाच मुलांनी केली. कागद तिच्यापुढे गेला. तिनं तो उचलला, उलटून मागची बाजू पाहिली आणि पुन्हा सरळ ठेवला.

"वरतं कोरं काहून हाय?" तिनं विचारलं.

हेडक्लार्कनी माझ्याकडे पाहिलं. चिटणीस मी होतो. "अशीच पद्धत असते," मी म्हणालो. "ठराव नंतर लिहितात. करा सही."

"तुमी वाचलं काय?"

"वाचायला काही नाहीच," मी म्हणालो. दोन मुलं हसली.

तिनं सही केली. सातव्या आकड्यासमोर, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बैठक अर्धा तास चालली. अध्यक्षांनी आमचं कौतुक केलं. अहवालातलं डाळीचं वाचून ते म्हणाले, "नळ बसवाचा हाय का खानावळ उघडाची हाय?" सगळे हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. ती उभी राहिली. शेतातली विहीर, मोट सुरू होण्याची वेळ, पावसाळ्यात चढणारा नाला, एवढं तिनं सांगितलं. स्वतःच्या शाळेचं काही बोलली नाही. तिला मध्ये कोणी तोडलं नाही. तिचं झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बराबर हाय बाई तुहं." नंतर व्हरांड्यात आमचा फोटो काढला गेला.

आम्हांला वाटलं, काम झालं. परतताना मुलांनी सोडा प्याला. ती आमच्याबरोबर नव्हती. नाल्याकडे तिची वाट वेगळी फुटत असे.

आठ दिवसांनी कचेरीच्या फळ्यावर ठरावाची नक्कल लागली. युवक समितीच्या एकमुखी शिफारशीनुसार चार जागा नक्की करण्यात येत आहेत. बाजार, कचेरीसमोर, शाळेजवळ, आणि देवळाच्या चौकात नाल्याच्या अलीकडच्या काठाशी, 'जेणेकरून नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या नागरिकांची सारखीच सोय होईल'. खाली सात सह्या. नक्कल करणाऱ्यानं सह्याही हुबेहूब उतरवल्या होत्या.

मी चौकात जाऊन पावलं मोजली. नाल्याच्या काठापासून नळाच्या जागेपर्यंत साठ. अंतराच्या हिशेबानं ठरावात खोटं काही नव्हतं. देवळामागची गोड विहीर तिथून आणखी पन्नास पावलांवर होती. त्या विहिरीवर जे येत नव्हते ते या नळावर येतील, असं गावात कोणालाही वाटत नव्हतं. ठराव लिहिणाऱ्यालाही वाटलं नसावं.

आधी वाटलं, चूक झाली असेल. मी हेडक्लार्कना भेटलो. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, मेंबरांत वाद होऊ नये म्हणून सगळ्यांना चालेल अशी जागा काढली. तुमच्या कमेटीचं नाव घातल्यामुळे विरोध करायला कोणाला तोंड उरलं नाही, हे तुमच्याच मोठेपणाचं आहे. आमचा अहवाल कुठे आहे, असं मी विचारलं. फाईलला असेल, ते म्हणाले.

वस्तीत मात्र चूक कोणाची, याबद्दल शंका नव्हती. कोणीतरी फळ्यावरचं वाचून तिकडे सांगितलं होतं. सातवी सही पूर्ण नावानिशी होती. तिच्या घराशेजारच्या म्हातारीनं तिला ऐकवलं ते सगळीकडे पसरलं. "शिकली सवरली, अन् आपलाच नळ लेहून देल्ला."

दिवाळी गेली. वस्तीतल्या लोकांनी वर अर्ज केला, की शिफारस अशी नव्हतीच आणि सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या. तो अर्ज तिनं लिहिला होता. अक्षर मी ओळखत होतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिच्या वडिलांनी थांबायचं कबूल केलं. चौकशीला एक अधिकारी येणार, असं कळलं.

आदल्या संध्याकाळी वडिलांनी मला ओसरीवर बोलावलं. ते मला खोटं बोल म्हणाले नाहीत. ते कोणालाच तसं म्हणत नसत. "विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं," ते म्हणाले. "जे नक्की आठवतं ते सांगायचं. जे नक्की आठवत नाही ते आठवत नाही म्हणायचं. त्यात कमीपणा नाही." साक्षीदारांना ते हेच सांगत, याच शब्दांत. मग म्हणाले, तुला अमरावतीला कॉलेजात घालायचं आहे, हे लक्षात असू दे. एवढं बोलून ते आत गेले.

दोनशे पानी वही माझ्या ट्रंकेत होती. घर, पाणी, डाळ. ती बरोबर घेऊन जावी, असं मनात आलं. मी ट्रंक उघडली नाही.

अधिकारी सभागृहातच बसले होते. आम्ही सातही समोरच्या बाकांवर. बाजूला अध्यक्ष, हेडक्लार्क आणि वस्तीतले चार जण, त्यांत तिचे वडील. मुलीला थांबवून ठेवू नका, असं म्हणत अधिकाऱ्यांनी आधी तिला विचारलं. सही तुझी आहे का?

"सही माझी हाय," ती म्हणाली. "कागद कोरा होता. वरतं एक अक्षर नव्हतं. मी इचारलं होतं, काहून कोरा हाय म्हनून." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही आरोप नव्हता. आता पुढचं हा सांगेल, एवढंच होतं.

अधिकाऱ्यांनी मग मला विचारलं. सही माझी होती. ती करताना वर मजकूर होता का?

"नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

बाकीच्या पाचांना फारसं काही विचारावं लागलं नाही. प्रत्येकानं तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. ते वाक्य त्यांना माझ्याकडून मिळालं, हे मला तिथेच समजलं. मूळ अहवाल मागवला तेव्हा तो फाईलला जोडलेला आढळला नाही. चौकशी चहाच्या वेळेआधी आटोपली. उठताना तिच्या वडिलांनी अधिकाऱ्यांना नमस्कार केला. आमच्याकडे पाहिलं नाही.

अर्ज फेटाळला गेला. एका सदस्याखेरीज कोणाचीही हरकत दिसून येत नाही, असं उत्तरात लिहिलं होतं.

नळ मार्गशीर्षात सुरू झाला. पहिल्या दिवशी वस्तीतल्या पाच-सहा बायका घागरी घेऊन चौकात आल्या. त्यांना कोणी हटकलं नाही. रांगेतल्या बाकीच्या घागरी थोड्या बाजूला सरकल्या, एवढंच. त्यांचं भरून झालं की अलीकडची बाई पुढे होई, राखेनं नळाची तोटी घासे, पाणी वाहून जाऊ देई आणि मग आपली घागर लावी. हे सगळं शांतपणे चाले. त्या बायका तीन दिवस आल्या. चौथ्या दिवशी आल्या नाहीत.

पुढे मी अमरावतीला शिकलो आणि अकोल्याला वर्तमानपत्रात लागलो. नगरपालिकांच्या बैठका हे माझं रोजचं काम झालं. ठराव एकमुखी झाला, असं मी बातमीत लिहीत नसे. किती जण हजर होते आणि किती बोलले, ते लिहीत असे. संपादकांनी एकदा कारण विचारलं. जागा भरते, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आमच्या समितीचा फोटो कचेरीत बरीच वर्षं लावलेला होता. नाल्यापलीकडे नळ आला तो मी अकोल्याला गेल्यानंतर. ती बातमी दुसऱ्या कोणीतरी केली.

तिला मी शेवटचं पाहिलं ते शाळेत, नळ सुरू झाल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. मी परीक्षेचा फॉर्म भरायला गेलो होतो. ती दाखला न्यायला आली होती. वडिलांनी तिला जिनात कापूस निवडायला लावलं होतं, आणि सकाळच्या दोन खेपा होत्याच. कारकुनानं दाखला दिला, रजिस्टर पुढे सरकवलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली. तिनं रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. पान वरून वाचायला सुरुवात केली. सगळ्या नोंदी वाचल्या, दुसऱ्यांच्यासुद्धा. मग दाखला दोन्ही बाजूंनी वाचला.

"दाखलाच हाय तो," कारकून म्हणाला. "इस्टेट नाई लेहून घेऊन राहिलो तुही."

तिनं वाचून संपवलं आणि सही केली. मी खिडकीशी माझ्या पाळीची वाट पाहत उभा होतो. दाखल्याची घडी घालताना तिनं मला पाहिलं.

"तुमाले आठवते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. आणि ती गेली.

फुलस्केप कागद होता. डाव्या बाजूला समासाची घडी घातलेली होती. खालच्या भागात हेडक्लार्कच्या हातचे सात आकडे, निळ्या शाईत. चौथ्या आकड्यापाशी चिवड्याच्या तेलाचं बोट उमटलं होतं. घडीच्या उजवीकडे, पहिल्या आकड्याच्या वर, कागद कोरा होता.